इंजिन जोडायचं पान

“यंदाच्या पावसाळ्यात मिठबावात ज्ञानाचा तुटवडा पडणार नाही,” अशी घोषणा तुकाराम गुरुजींनी मे महिन्याच्या अखेरीस, ओटीवर उभं राहून, साधारण समुद्राच्या दिशेनं केली.

“ज्ञानाचो नाय पडूचो,” आतून पद्मावतीबाई म्हणाल्या, “पण मीठ आणूक इसारलात. लोणच्यात काय ज्ञान घालू?”

गुरुजी मीठ आणायला गेले. पण घोषणा त्यांनी मागे घेतली नाही.

पावसाळ्याआधी आगोटीचं सामान सगळेच भरतात. तांदूळ, सुकी मासळी, कोकमं, कोरडी लाकडं. दोन हजार सहा साली गुरुजींनी या यादीत इंटरनेटची भर घातली. कारण साधं होतं. मिठबावातली टेलिफोनची लाईन जूनमध्ये एकदा मेली की माहेरवाशिणीसारखी थेट गणपतीला परत यायची, आणि लाईन नाही तर इंटरनेट नाही. तेव्हा बायकामाणसं अंगणात बोंबील वाळवत होती त्या दिवसांत गुरुजी ओटीलगतच्या खोलीत बसून इंटरनेट वाळवत होते. पान उघडायचं, अख्खंच्या अख्खं, चित्रांसकट, एका फाइलीत भरायचं आणि ती फाइल ‘आगोट २००६’ या फोल्डरात टाकायची. मधुमेहाचा आहार भरला, नारळावरच्या भुंग्याचे उपाय भरले, नॉर्वे देशाचं त्या दिवशीचं हवामान भरलं. हे हवामान गुरुजी पुढे जुलैतही अधूनमधून उघडून पाहत आणि “आज तिकडे थंडी आहे,” असं सांगत.

याच आगोटीत दोन पानं शंकरची होती.

शंकर म्हणजे गुरुजींचा एकेकाळचा विद्यार्थी. त्याची एक लहान होडी होती आणि होडीच्या मागे लावायचं, रॉकेलवर चालणारं इंजिन होतं. हंगाम संपता संपता ते खोकायला लागलं. आसपास इंजिन दुरुस्त करणारा एकच, आंतोन. आंतोनचं काम चोख. पण तो इंजिनाबरोबर मालकालाही खोलून ठेवायचा. ‘तेल कोणी बदलूचा? तुझ्या सासऱ्यान?’ इथून सुरुवात होऊन गाडी मालकाच्या खानदानापर्यंत जायची. दुरुस्तीला दोन तास लागायचे, भाषणाला उरलेला दिवस. शंकरचं म्हणणं होतं की इंजिन बुडालं तरी चालेल, पण आंतोन नको.

“आंतोन कशाला?” गुरुजी म्हणाले. “आपण स्वावलंबी होऊ.” आणि त्यांनी कुठल्याशा गोऱ्या कोळ्यानं लिहिलेली दोन पानं भरून ठेवली. पहिलं, इंजिन खोलून साफ कसं करावं. दुसरं, ते परत जोडावं कसं.

श्रावण लागल्यावर पहिलं पान उघडलं आणि त्याबरहुकूम इंजिनही उघडलं. तो दिवस फार सुखाचा गेला. पडद्यावर गोरा कोळी एक बोल्ट काढी, ओटीवर शंकर एक बोल्ट काढी. सुटे भाग रॉकेलात धुऊन ओटीवर ओळीनं मांडले. प्रत्येकाशेजारी जमिनीवर गुरुजींनी खडूनं आकडा घातला. आता वाळले की दुसरं पान उघडायचं आणि जोडायचं.

मध्ये पुण्याहून लेक-जावई आले. जान्हवी आणि निकेतराव दोनच दिवस राहिले, पण त्या दोन दिवसांत दोन गोष्टी घडल्या. पाहुणे येणार म्हणून पद्मावतीबाईंनी ओटी स्वच्छ पुसून काढली. भाग त्यांनी टाकले नाहीत. उलट नीट लावून ठेवले. मोठे घमेल्यात, मधले सुपात आणि बारीकसारीक सगळे लोणच्याच्या रिकाम्या बरणीत. आणि निकेतरावांनी, त्याच भावनेनं, कॉम्प्युटर स्वच्छ केला.

“बाबा, हा निळ्या अक्षराचा ब्राउझर फार जुना झाला. व्हायरस येतात त्यातून,” निकेतराव म्हणाले. सोबत आणलेल्या सीडीवरून त्यांनी नवा ब्राउझर घातला. “आता एकदम सुरक्षित.”

तो खरोखरच सुरक्षित होता. लाईन मेलेली असल्यामुळे त्यातून काहीच आत येत नव्हतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या सकाळी शंकर आला तो शिवाला घेऊनच. शिवा त्याचा खलाशी. त्या होडीवर जाळं ओढायला दोन माणसं लागत, आणि त्यातलं दुसरं म्हणजे शिवा. त्याच्या खांद्याला पिशवी होती.

“गुरुजी, ह्या शिवाक आचऱ्याच्या होडयेवाल्यान बोलावल्यान हा,” शंकर म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “आज इंजिन वाजला नाय तर हो सांजच्या येष्टीन जातलो. मगे मी एकटो काय धऱ्यार बसान शिंपले येचू?”

“माझो राग नाय हा,” शिवा म्हणाला. “पण घमेल्यातल्या इंजिनार होडी चलणा नाय.”

“बसा,” गुरुजी म्हणाले. घरात ते मालवणीच बोलत. पण घोषणा करताना किंवा कॉम्प्युटरसमोर बसल्यावर त्यांची भाषा कार्यालयीन होई. “दुसरे पान आपण आत्ता उघडत आहोत.”

त्यांनी फाइलीवर दोनदा टिचकी मारली. पान उघडलं नाही. त्याऐवजी एक चौकट आली आणि तिनं विचारलं, ही फाइल कशानं उघडू? खाली पर्याय होते. त्यातल्या एकावर वहीचं चित्र होतं. पान म्हटलं की वही, असा सरळ विचार करून गुरुजींनी ते निवडलं.

पडद्यावर अक्षरांचा लोंढा आला. ना गोरा कोळी, ना इंजिन. नुसती बरोबरची चिन्हं, आकडे आणि तुटकी इंग्रजी अक्षरं.

“काय लिवला हा?” शंकरनं विचारलं.

गुरुजींनी घसा साफ केला. “बरोबर वीस,” त्यांनी वाचलं. “बरोबर वीस. बरोबर तीन डी. पुन्हा बरोबर वीस.”

“वीस काय?”

अख्ख्या नोकरीत गुरुजींनी ‘मला माहीत नाही’ हे वाक्य कधी वापरलं नव्हतं. निवृत्तीनंतर सुरुवात करण्याचं त्यांना कारण दिसेना. “नट असावेत,” ते म्हणाले.

शंकरनं बरणी ओटीवर उपडी केली आणि मोजले. “सतराच आसत.”

“परत मोज.”

“सतराच. मोठ्यान मोजलंय तरी सतराच.”

सगळ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “काकी,” शंकर जपून म्हणाला, “बरणयेत भरताना तीन नट खंय पडले काय गो?”

“माझ्या हातसून आजपर्यंत भाताचा शीत सांडूक नाय, नि तुझे नट सांडतले?” पद्मावतीबाई झाडू घेऊनच बाहेर आल्या. “शोधा, शोधा. घर तुमचाच आसा.”

घर शोधलं. कणगीखाली शोधलं, चुलीमागे शोधलं, तुळशीच्या पन्हाळीत हात घातला. शिवा अंगणातल्या चिखलात ओणवा झाला. थोड्या वेळानं तो ताठ झाला आणि हळू आवाजात म्हणाला, “ती तांबडी कोंबडी सकाळधरना गप बसली हा, बगा.”

कोंबडी पकडली. शंकरनं ती कानाशी धरून हलवली. ती ओरडली, पण नटांचा आवाज आला नाही.

नेमका याच वेळी आंतोन पाखाडीच्या पायऱ्या उतरून आला. छत्री मिटून त्यानं ओटीवर एक नजर टाकली. घमेलं पाहिलं, सूप पाहिलं, शंकरच्या हातातली कोंबडी पाहिली. मग त्यानं कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि बसला.

“चाय आसली तर घेतंय, पद्माबाय,” तो म्हणाला. “बाकी आज मी कायच बोलूचंय नाय.”

आंतोनचं भाषण शंकरनं अनेकदा सोसलं होतं. त्याचं गप्प बसणं तो पहिल्यांदाच पाहत होता. इंजिनाला नट किती असतात, एवढं एकच विचारावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. शंकरनं तोंड मिटलं.

“परक्यांना त्रास द्यायचा नाही,” गुरुजी म्हणाले आणि पुन्हा कॉम्प्युटरकडे वळले.

आंतोननं चहा बशीत ओतला.

पुन्हा टिचकी, पुन्हा तीच चौकट, तोच प्रश्न. या खेपेला गुरुजींनी वही टाळली. पान इंटरनेटचं आहे, तर ते ब्राउझरनंच उघडलं पाहिजे, असं म्हणून त्यांनी यादीतला नवा ब्राउझर निवडला. खाली एक लहानसा चौकोन होता: यापुढे नेहमी असंच करावं का? शिस्त एकदाच लावावी आणि ती कायमची असावी, या मताचे गुरुजी असल्यामुळे त्यांनी त्यात बरोबरची खूण केली.

इथे काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे. नव्या ब्राउझरला ती फाइल उघडता येत नव्हती. म्हणून त्यानं विचारलं होतं की कोणाला बोलावू? गुरुजी म्हणाले, नव्या ब्राउझरला बोलाव. त्यानं बोलावलं. तो आला. त्यालाही उघडता येईना. पण आता विचारायचं कारण उरलं नव्हतं, हुकूम कायमचा होता. त्यानं नव्या ब्राउझरला बोलावलं.

“उघडला! उघडला!” शंकर ओरडला. पडद्यावर एक खिडकी उघडली होती. कोरी होती, पण उघडली होती. तिच्यावर दुसरी उघडली. तिसरी.

“येतला, पान येतला,” शिवा म्हणाला. “जड आसतला.”

चौथी, पाचवी, सहावी. मग मोजता येईनात. कोऱ्या खिडक्या एकीवर एक अशा पडत गेल्या. गुरुजींनी एक बंद केली, तोवर तीन उघडल्या. कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागला. गुरुजींचं कपाळ घामानं भिजलं. ते भराभर टिचक्या मारत राहिले, आणि तो प्रसंग घडला जो त्या कॉम्प्युटरसमोर आधी कधी घडला नव्हता. गुरुजी मालवणीत ओरडले.

“रे शंकर, ह्या थांबणा नाय रे!”

“बंद करा, गुरुजी! सगळाच बंद करा!”

“एकदम बंद करूचा नाय! निकेतरावांनी सांगितल्यानी हा! जळता म्हणे!”

“आता काय गार आसा?” शिवानं पाठीमागून विचारलं.

पद्मावतीबाई आत आल्या. त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही. भिंतीतून येणारी वायर कुठे जाते ते पाहिलं, आणि ती उपटली. घरघर थांबली. पडदा काळा झाला.

“शिरा पडो ह्येच्यार,” त्या म्हणाल्या. “जेवा आता.”

कोणी धड जेवलं नाही. आंतोननं तेवढा दोनदा भात घेतला आणि कढीला चांगलं म्हटलं. शिवानं हात धुऊन पिशवी खांद्याला लावली. “साडेपाचाची येष्टी,” तो एवढंच बोलला. शंकर ओटीच्या पायरीवर बसून घमेल्याकडे पाहत होता. त्यानं या खेपेला नवं जाळं घेतलं होतं; ते माळ्यावर अजून बांधलेलंच होतं.

गुरुजींना ते बघवेना. “शिवा,” ते म्हणाले, “जावच्या आदी एक काम कर. शंकरचो मोबाईल घे आनी सड्यार जा. थय रेंज गावता. निकेतरावांक फोन लाव.”

यात एक मुत्सद्दीपणा होता. सडा, म्हणजे गावामागचा डोंगरमाथा, एका बाजूला आणि एस्टीचा थांबा दुसऱ्या.

शिवा सड्यावर चढला. शंकर अर्ध्या वाटेत काजूच्या झाडाखाली उभा राहिला. गुरुजींनी वायर लावून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि घराची खिडकी उघडी ठेवली. पुण्यात निकेतराव मीटिंगमध्ये होते. ते फोन घेऊन बाहेर आले आणि शांतपणे, टप्प्याटप्प्यानं समजावू लागले.

“शिवादादा, बाबांना सांगा, पान भरून ठेवायची ती पद्धत जुन्या ब्राउझरची आहे. नव्यात तशा फाइली उघडतच नाहीत. त्या जुन्यातच उघडायला लागतील.”

“नव्यात उघडूचा नाय!” शिवा ओरडला. “जुनो होयो!”

“जुनो होयो!” शंकर काजूखालून ओरडला.

“जुनो तेंनीच काडलो म्हणान सांग!” गुरुजी खिडकीतून ओरडले.

वाक्य डोंगर चढून गेलं.

“काढला नाहीये,” निकेतराव म्हणाले. “तो काढताच येत नाही. मी फक्त नजरेआड केलाय.”

“काडूक नाय! लपवन ठेवलो हा!”

“लपवन ठेवलो हा!”

“बगा,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “नि अशाक आम्ही पोरगी दिली.”

मग कुठे लपवला ते खाली आलं. डाव्या कोपऱ्यात जायचं, सगळ्या प्रोग्रॅमांची यादी काढायची, तिच्यात अगदी तळाशी. निळं अक्षर दिसलं. ते त्यांनी उघडलं, आणि मग फाइल आपल्या हातानं उचलून त्यात नेऊन ठेवली. शंकर धावत आला. त्याच्यामागून शिवा आला. सगळे पडद्याभोवती दाटीनं उभे राहिले. आंतोनसुद्धा दुपारच्या चहाची बशी हातात धरून खुर्चीच्या कडेला सरकला.

पान उघडलं. वर गोरा कोळी होता, आणि त्याचं इंजिन होतं, पूर्ण जोडलेलं. खाली इंग्रजी मजकूर होता. तो फारच थोडा होता.

“वाचा, गुरुजी,” शंकर म्हणाला. “बेगीन.”

गुरुजींनी मनातल्या मनात वाचलं. चष्मा काढून पुसला, परत लावला, परत वाचलं. मजकूर तोच होता.

“जोडणी,” ते कार्यालयीन आवाजात म्हणाले. “सर्व भाग ज्या क्रमाने काढून मांडले, त्याच्या नेमक्या उलट क्रमाने जोडावेत.”

“आनी?”

“भागांचा क्रम बदलला असल्यास... पुढे जाऊ नये.” गुरुजींचा आवाज हळूहळू उतरत गेला. “जवळच्या अनुभवी मेकॅनिककडे जावे.”

कौलांवरून पागोळ्या पडत होत्या. घमेलं, सूप आणि बरणी ओटीवर ओळीनं होती.

“क्रम मीच बदललंय,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “पावणे येवचे होते.”

शिवानं बाहेर उजेड किती आहे ते पाहिलं. शंकरनं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी खूप वेळ पडद्यावरच्या गोऱ्या कोळ्याकडे पाहिलं, आणि मग नाइलाजानं खुर्ची वळवली.

“आंतोन.”

“ओ.”

“जरा... बगतस काय?”

“माका इचारलात?” आंतोन म्हणाला.

“होय.”

“माका?”

“होय रे बाबा, तुकाच!”

आंतोननं बशी खाली ठेवली. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या. घमेल्यासमोर उकिडवा बसला आणि हात पुढे करून म्हणाला, “शंकर, पानो.” शंकरनं पाना दिला. पुढचा सगळा वेळ आंतोन एक शब्द बोलला नाही. मधूनमधून एखादा भाग उजेडात धरायचा, शंकरच्या तोंडाकडे पाहायचा आणि मान हलवून पुन्हा कामाला लागायचा. शंकरला वाटलं, यापेक्षा त्यानं आपल्या आजोबांपासून भाषणाला सुरुवात केली असती तरी चाललं असतं. नट सतराच लागले. शेवटचा बसला तेव्हा शिवा दोनदा पायरीवर जाऊन परत आला होता.

अंगणात पाण्यानं भरलेलं पिंप ठेवलं होतं. त्याच्या काठाला इंजिन टांगलं. शंकरनं दोरी ओढली. काही झालं नाही. परत ओढली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. लांब वळणावर एस्टीचा हॉर्न ऐकू आला. शंकरनं डोळे मिटले, अंगातला सगळा जोर काढून दोरी ओढली, आणि इंजिन धडधडायला लागलं. पिंपातलं पाणी चौफेर उडालं. तांबडी कोंबडी आधी पळाली, मग पद्मावतीबाई. निळा धूर नारळांत शिरला.

शंकर ओल्या अंगानं नुसता उभा होता. हसावं की रडावं ते त्याचं ठरत नव्हतं.

हॉर्न दुसऱ्यांदा वाजला, आता चांगला जवळ. शिवानं खांद्यावरची पिशवी काढून खुंटीला अडकवली. “येष्टी गेली वाटता,” तो म्हणाला.

आंतोननं इंजिन बंद केलं, पिंपात हात धुतले, टॉवेलला पुसले. अंगणात एकदम शांत झालं. भाषणाची वेळ झाली होती. ते कोणीच टाळू शकत नव्हतं. शंकरनं मान खाली घातली. गुरुजींनीही चष्मा काढून हातात घेतला; दिसलं नाही तर कदाचित कमी ऐकू येईल.

आंतोन शंकरजवळून पुढे गेला, ओटी चढला आणि पडद्यासमोर जाऊन उभा राहिला. गोऱ्या कोळ्याखालच्या त्या शेवटच्या ओळीवर त्यानं बोट ठेवलं.

“गुरुजी,” तो म्हणाला, “एवढाच एक छापून दिशात? मराठीत करा, अक्षरा मोठी काडा. माझ्या गिऱ्हायकांक इंग्लिश येणा नाय.”